कुठे आणि कशानं? कथालेखकानं मांगा, ॲनिमे आणि पुस्तकांवर लिहिताना

‘चित्रं अप्रतिम, कथा खिळवून ठेवते, शेवट मात्र थोडा गुंडाळलाय.’ हे वाक्य दहा मांगांना (जपानी चित्रकथा) किंवा दहा ॲनिमेंना (जपानी ॲनिमेशन) लावून बघा, दहाही वेळा लागू पडतं. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, आणि लिहिणारा स्वतः कथा लिहीत असेल तर त्याला तर काहीच मिळत नाही. कथालेखकानं फावल्या वेळात परीक्षणं लिहायची ती दुसऱ्यानं एखादी गोष्ट कशी साधली, कशी घालवली हे हाताला लागावं म्हणून. त्यासाठी आपल्या प्रत्येक मताला दोन प्रश्न विचारायचे: कुठे? आणि कशानं? शेवट गुंडाळला, तर कुठल्या प्रकरणापासून? प्रसंग गाळले म्हणून तसं वाटलं, पात्रांनी सगळं बोलून दाखवलं म्हणून, की चौकटी अचानक लहान आणि दाट झाल्या म्हणून? उत्तर सापडत नसेल तर मत अजून कच्चं आहे. पिकेपर्यंत ठेवून द्यावं.

वही साधी असली तरी चालते. पानावर तीन उभे रकाने आखायचे: पान किंवा मिनिट, काय झालं, कशानं झालं. पहिल्या वाचनात फक्त पहिला रकाना भरायचा: ‘पृ. ६३, खालची डावी चौकट’ किंवा ‘११ मि. ४० से.’ कारण तिथेच शोधायला बसलं की वाचन मोडतं, आणि मोडलेल्या वाचनावरचं मत खोटं असतं. दुसरा आणि तिसरा रकाना दुसऱ्या फेरीत, फक्त खुणा केलेल्या जागा पुन्हा बघून भरायचे. मांगाच्या एका खंडात साधारण १८० ते २०० पानं असतात. त्यात वीसच्या वर खुणा झाल्या तर आपण लक्ष देऊन वाचत नव्हतो, नुसतं कौतुक करत होतो असं समजावं. परीक्षणात यातल्या चार-पाचच जागा येतात. उरलेल्या आपल्या कथेसाठी.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पान उलटायची जागा कुठे येते, याकडे मात्र फार थोडे जण बघतात. जपानी बांधणीत उजवं पान आधी, डावं नंतर. म्हणजे समोरासमोरच्या जोडपानातली शेवटची चौकट डाव्या पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येते, आणि तिच्यानंतर पान उलटतं. दाराकडे हात जातो तो या कोपऱ्यात, आणि दारामागे कोण आहे हे उलटल्यावर, वरच्या मोठ्या चौकटीत. कथेत आपण जे काम परिच्छेद तोडून करतो, ते इथे कागद करतो. मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचलं की हा सगळा हिशेब बुडतो, आणि जोडपानावर पसरलेलं चित्र मधोमध चिरलं जातं. मग परीक्षणात ‘रचना विस्कळीत’ असं लिहिलं जातं आणि दोष चित्रकाराच्या माथी बसतो. फोन आडवा धरून दोन पानं एकत्र दिसतील अशी सोय करावी, नाहीतर छापील खंड मिळवावा. राखाडी छटांवर लाटांसारखे पट्टे दिसत असतील तर तोही चित्रकाराचा दोष नसतो. ठिपक्यांच्या छटेचं चित्र पडद्यावर लहान-मोठं करताना ते पट्टे उमटतात.

चौकटींमधली मोकळी पट्टीही वाचावी. बहुतेक मांगांत वरच्या आणि खालच्या ओळीतली पट्टी रुंद असते आणि शेजारशेजारच्या चौकटींमधली अरुंद. त्यामुळे डोळा आधी आडवा जातो, मग खाली उतरतो. ही पट्टी काळी झाली की बहुधा जुनी आठवण सुरू झालेली असते. एखादं चित्र पट्टी ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलं असेल तर तिथे बहुधा लेखकाला वेळ थांबवायचा असतो. मोठं चित्र म्हणजे खर्च आहे, हेही लक्षात ठेवावं. साप्ताहिकात येणाऱ्या मांगाचं एक प्रकरण साधारण १९ पानांचं असतं. त्यात एक चित्र दोन पानांवर पसरलं तर प्रकरणाचा दहावा हिस्सा एका क्षणावर गेला. तो क्षण तेवढ्या मोलाचा होता का, हा खरा परीक्षणाचा प्रश्न.

प्रकरण आठवड्याला एक येतं म्हणून प्रत्येकाच्या शेवटी गळ असतो आणि पुढच्याच्या सुरुवातीला उजळणी. एका बैठकीत पंधरा प्रकरणं वाचली तर ही उजळणी टोचते, पण तिथे दोष आपल्या वाचण्याच्या वेगाचा असतो. म्हणून परीक्षणात ‘सलग वाचलं’ की ‘येईल तसं वाचलं’ हे नोंदवावं. तसंच १९६८ साली सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’सारख्या अंकांत वाचकांच्या कौल-पत्रांना मोठं वजन असतं आणि कौल घसरला की मालिका आटोपती घ्यावी लागते. अर्धवट शेवटामागे हे कारण असू शकतं. मात्र ठाम माहिती हाती नसेल तर तसं विधान करू नये. शेवट कसा आहे एवढंच लिहावं.

शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (प्रौढ पुरुष), जोसेइ (प्रौढ स्त्रिया) हे कथेचे प्रकार नाहीत. कुठल्या वयाच्या नि कोणत्या वाचकांसाठीच्या अंकात मालिका आली, हे ते शब्द सांगतात. ‘किशोर’मध्ये छापून आली एवढ्यावरून कथा साहसाची की विनोदाची हे कळत नाही, तसंच.

आता एक जागा जवळून बघू. समजा एका मांगात मुलगा गाव सोडून निघालाय. पहिल्या खर्ड्यात हमखास असं वाक्य येतं: ‘आई-मुलाच्या निरोपाचा प्रसंग काळजाला भिडतो.’ वहीतली नोंद काढून तेच पुन्हा लिहिलं तर:

‘निरोपाच्या प्रसंगात आईचा चेहरा एकदाही दिसत नाही. पृ. ११२ वर चार चौकटी आहेत: फडक्यात बांधलेल्या डब्याची गाठ, तीच गाठ सोडून पुन्हा बांधणारी बोटं, फलाटावरचं घड्याळ, रिकामा बाक. शब्द एकच आहे, मुलाचा: “येतो.” गाडी सुटताना दाखवलेली नाही. बाक रिकामा दिसतो तेव्हा ती सुटल्याचं कळतं.’

इथे ‘काळजाला भिडतो’ म्हणायची गरजच उरली नाही. आणि कथालेखकाला एक गोष्ट मिळाली: घट्ट असलेली गाठ पुन्हा सोडून बांधणं. हुंदके, पाणावलेले डोळे यांतलं काहीही न वापरता ती बाई मुलाला अर्धं मिनिट थांबवून घेते.

त्या ‘येतो’वर थोडं थांबू, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी जमेची बाजू इथे आहे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. जाऊन येतो, असा त्याचा अर्थ. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नुसतं ‘निघालो’ होतं. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून ‘येतो’ म्हणायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. एखादं पात्र हे शब्द म्हणून निघतं आणि परत येत नाही, तेव्हा त्या ‘येतो’चं वजन मराठी वाचकाला एका ओळीत कळतं. मात्र हात आखडता घ्यायचीही जागा असते. जेवणाआधीच्या ‘इतादाकिमासु’ला ‘वदनी कवळ’ लावलं की तोक्योतला मुलगा थेट बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात पाटावर येऊन बसतो. ‘येतो’ला देवाधर्माचा पदर नाही म्हणून तो तिथे बसतो, श्लोक बसत नाही.

संबोधनांचंही तसंच. आडनावाला ‘सान’ जोडून बोलणारी मुलगी एखाद्या प्रकरणात पहिल्यांदा नुसतं नाव घेते. इंग्रजीतून वाचताना हे निसटतं. परीक्षणात लिहावं: ‘इथे “अहो”चं “अरे” होतं.’ मराठी वाचकाला पुढचं आपोआप समजतं. वाताशी, बोकु, ओरे या तिन्हींचं मराठीत ‘मी’च होतं. तिथला फरक मात्र वेगळा सांगावा लागतो: पहिलं सभ्य, दुसरं बहुधा मुलग्यांच्या तोंडचं आणि मवाळ, तिसरं रांगडं.

मराठीची एक अडचण तर थेट गुपित फोडते. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. पात्र पुरुष आहे की स्त्री हेच ज्या कथेत लपवलेलं असतं, तिच्याबद्दल ‘तो निघून गेला’ लिहिलं की संपलं. अशा वेळी ‘पात्र’ हा शब्द धरून वाक्यं चालवावीत, कारण तो नपुंसकलिंगी आहे: ‘हे पात्र तिसऱ्या खंडात गायब होतं.’ संवादही तपासावेत. ‘मी आलो’ की ‘मी आले’ इथेही तेच होतं. ‘माझं येणं झालं’ अशी वळणं घेऊन निभावता येतं, पण दोन परिच्छेदांच्या पुढे ती खटकू लागतात. तेव्हा त्या पात्राविषयी थोडक्यातच लिहावं.

आणि नादशब्द! मांगाच्या चित्रातच आवाज लिहिलेले असतात, आणि पुष्कळदा आवाज नसलेल्या गोष्टींचेही. ‘शीऽऽन’ म्हणजे पूर्ण शांतता. इंग्रजीत तिच्यासाठी असा शब्द नाही, म्हणून त्या आवृत्त्यांत काहीतरी ओढूनताणून येतं. आपल्याकडे ‘चिडीचूप’ आहे. ‘दोकी दोकी’ म्हणजे छातीतली धडधड, ‘किरा किरा’ म्हणजे लखलख, ‘झाऽऽ झाऽऽ’ म्हणजे धो धो पाऊस, ‘शितो शितो’ म्हणजे रिमझिम, ‘पेको पेको’ म्हणजे पोटात कावळे ओरडताहेत. दोन्ही भाषांना शब्दाची जोडी करून अनुभव सांगायची सवय आहे. म्हणून ‘पावसाचा आवाज परिणामकारक’ असं न लिहिता ‘पहिल्या पानावरची रिमझिम सातव्या पानावर धो धो होते आणि अक्षरं चौकटीबाहेर सांडतात’ असं लिहावं.

नावांच्या लेखनात एकच नियम: ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. जपानीत आडनाव आधी येतं: तेझुका ओसामु, आराकावा हिरोमु हे मांगाकार. ‘झु’, ‘झा’चा उच्चार ‘जहाज’मधल्या ज-सारखा, दातांजवळचा. ‘मांगा’ आणि ‘ॲनिमे’ ही रूपं आता रुळली आहेत, त्यांच्यावर वाद घालत बसू नये.

ॲनिमेवर लिहिताना आधी हिशेब मांडावा. दूरचित्रवाणीवरचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं, म्हणजे हातात २१ मिनिटं. तीन महिन्यांच्या एका सत्रात १२ किंवा १३ भाग येतात. बारा धरले तर २५२ मिनिटं, सव्वाचार तासांच्या आत-बाहेर. एका भागात साप्ताहिक मांगाची दोन-तीन प्रकरणं बसतात. त्यामुळे बारा भागांत साधारण तीन-चार खंडांपुरतीच कथा मावते. सतरा खंडांची कथा बारा भागांत ‘पूर्ण’ केली असेल तर काय कापलं हे शोधायला वही उघडावी. मूळ मांगा संपायच्या आत ॲनिमे आलं तर आणखी वेगळा प्रकार होतो. आराकावांचं ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१ ते २०१० असं चाललं. २००३ साली सुरू झालेलं ५१ भागांचं ॲनिमे पुढे स्वतःच्या वाटेनं गेलं, आणि २००९ साली आलेल्या ६४ भागांनी मूळ कथा धरली. या दोन्हींना ‘मूळाशी प्रामाणिक’ या एकाच मापानं मोजणं अन्याय आहे. पहिल्यानं स्वतःची कथा नीट मिटवली का, एवढाच त्याच्याबाबतचा प्रश्न.

‘चित्र हलतच नाही’ ही तक्रार फार होते. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) जातात, पण प्रत्येकीसाठी नवं चित्र काढत नाहीत. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. वाचवलेली मेहनत कुठे खर्च केली ते बघावं. बोलण्याच्या प्रसंगात फक्त ओठ हलले आणि धावण्याच्या प्रसंगात अंग अन् अंग, तर ती काटकसर विचारपूर्वक केलेली आहे. एखादा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटला तर शेवटची नामावली थांबवून वाचावी. ए-कोंते म्हणजे प्रसंगाचा चित्रआराखडा, एन्शुत्सु म्हणजे त्या भागाचं दिग्दर्शन, साकुगा कान्तोकु म्हणजे चित्रांवर शेवटचा हात फिरवणारा. ही तीन कामं भागागणिक वेगवेगळ्या माणसांकडे असतात. मुख्य दिग्दर्शकाच्या नावावर सगळं श्रेय किंवा अपश्रेय टाकायच्या आधी एवढं बघितलंच पाहिजे.

निवडलेला तीन मिनिटांचा प्रसंग तीनदा बघावा: एकदा खालची अक्षरं वाचत, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. अक्षरं वाचताना डोळा पडद्याच्या खालच्या पट्टीत अडकतो आणि वरचं अर्धं चित्र निसटतं, हे दुसऱ्या फेरीत लख्ख कळतं.

बडोद्यातल्या मराठी वाचकाची स्थिती जरा निराळी आहे. ॲनिमे हिंदीतून बघायचं, मांगा इंग्रजीतून वाचायचा, त्यावर गप्पा गुजरातीत मारायच्या आणि लिहायचं मराठीत. म्हणून परीक्षणाच्या पहिल्या ओळीतच सांगावं की कुठल्या भाषेतून, कुठल्या आवृत्तीतून. हिंदी आवाजातला विनोद मुळात असेलच असं नाही. हौशी, बेकायदा भाषांतरांवरून तर संवादांबद्दल एक अक्षरही लिहू नये. त्यात ओळी चुकतात, पानं गळतात, आणि लेखकाच्या पदरातही काही पडत नाही. याच गावात चित्रकला शिकणारी मुलं सहज भेटतात. त्यांच्यापुढे एक पान ठेवून एवढंच विचारावं: डोळा आधी कुठे गेला? मिळालेलं उत्तर आपल्या नोंदीशी ताडून बघावं. आणि मराठी पुस्तकांसाठी मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डेन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, त्या व्यवस्थेचं हे घर. जुनी आवृत्ती आणि नवी शेजारी ठेवून बघता येणं ही परीक्षण लिहिणाऱ्याची चैन नव्हे, गरज आहे.

सरावाला आधीपासून ठाऊक असलेली कथा घ्यावी. तेझुकांनी १९७२ साली सुरू केलेला ‘बुद्ध’ हा मांगा, किंवा साको युगो आणि राम मोहन यांनी केलेला, जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागलेला ‘रामायण’. पुढे काय होणार हे माहीतच असतं, त्यामुळे सगळं लक्ष ‘कशानं’वर राहतं. गुपित फुटायची भीतीही नाही.

पुस्तकांबद्दल थोडक्यात, कारण ती परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. निवेदक कोण आणि त्याला किती माहिती आहे, हे पहिल्या पन्नास पानांत नक्की करावं. मुद्रणाच्या चुका लेखकाच्या खात्यावर घालू नयेत. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव शीर्षकाखालीच यावं, तळाशी नाही. बोलीतले संवाद असतील तर अर्धं पान मोठ्यानं वाचावं. खोटी बोली डोळ्याला फसवते, जिभेला नाही.

लेख ८०० ते १००० शब्दांत बसवावा. कथानकाला त्यातले दीडशे पुरतात. गुपिताची हद्द आधी जाहीर करावी: ‘दुसऱ्या खंडापर्यंतच लिहिलं आहे.’ चित्रं लावायची तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. माझ्या मते रास्त म्हणजे ज्या चौकटीबद्दल लिहिलं ती एक किंवा दोन, नावानिशी. अख्खं प्रकरण नाही, आणि शेवटचं पान तर मुळीच नाही. तारे आणि गुण देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. आकडा दिसला की लोक आकडाच वाचतात.

कथालेखकाला यात एक धोका आहे. महिनाभर मांगा वाचून लिहिलं की स्वतःच्या कथेतलं निवेदन आटतं, नुसते संवाद आणि तुटक हालचाली उरतात. चौकटीत जे चित्र सांगत होतं ते कागदावर कुणीच सांगत नाही, म्हणून ती कथा पोकळ लागते. कथा सकाळी, परीक्षण संध्याकाळी, आणि कथेचा पहिला खर्डा चालू असेल तेव्हा परीक्षण बंद. दुसरी गोष्ट संकोचाची. बडोद्यातलं मराठी लेखकांचं वर्तुळ लहान, गणपतीत आणि दिवाळीत सगळे समोरासमोर येणारे. ओळखीच्या माणसाचं पुस्तक असेल तर ओळख पहिल्याच परिच्छेदात सांगावी. प्रत भेट मिळाली असेल तर तेही.

लिहून झाल्यावर तीन दिवस ठेवावं. मग फक्त पान-क्रमांक, नावं आणि भागांचे आकडे मूळ प्रतीशी ताडावेत. चुका बहुतेक इथेच निघतात. नंतर कुणी चूक दाखवली तर मजकूर गुपचूप बदलू नये. खाली तारीख घालून काय बदललं ते लिहावं.